राखणदाराचा वाटा

माझं अक्षर वाईट आहे. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. पुढं हातात काठी आली, खुरपं आलं, लाटणं आलं. वेलांटी पहिली द्यायची की दुसरी, हे मी आजही अंदाजानं ठरवते आणि अंदाज बहुतेक वेळा चुकतो. त्याबद्दल माफी असावी. तसं हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. माझ्या लेकीच्या, मंगलच्या, जुन्या वहीची मागची पानं कोरी राहिली होती, ती वाया जाऊ नयेत म्हणून लिहिते. तोंडानं मला कधी काही नीट सांगता आलं नाही. लिहिताना निदान समोर कुणी नसतं.

नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागल्या, की माझ्या उजव्या बरगडीखाली ओढल्यासारखं होतं. तिथं आता काही नाही. टाक्यांची एक लांब रेघ आहे आणि तिच्या कडेची कातडी बधिर आहे. तरी कुठल्या गावानं यंदा कुठला फड ठरवला याच्या गप्पा एसटीत कानावर आल्या, की हात आपोआप तिकडं जातो आणि मी पदर सारखा करते. पदर सारखा करायची ही सवय त्याच एका हंगामात लागली.

चैत्र मला आधी नाकाला कळतो. काढून ठेवलेल्या कांद्याचा उग्र वास, उसाच्या पाचटाचा वास, लिंबाच्या मोहराचा कडसर वास, आणि या सगळ्याच्या खाली मेंढरांच्या लोकरीचा वास, जो आमच्या अंगाला कायमचा चिकटलेला. मग तो कानाला कळतो. लांब कुठंतरी घाटात बैलगाडे पळतात आणि 'भिर्रर्र' अशी आरोळी वाऱ्यावर येते. आज या गावाची जत्रा, उद्या शेजारच्या गावाची. पहिला दिवस देवाचा, पुरणपोळीचा. दुसरा दिवस वशाटाचा. घरोघर मटण, अंगणात बाजेवर पाव्हणे. त्या दिवशी गावातली मोकाट कुत्रीसुद्धा तुकतुकीत दिसतात. लोक वर्षभर या हंगामाची वाट बघतात. मीही बघायचे. आता तो आला, की मला मान खाली घालावीशी वाटते.

आम्ही मेंढरंवाले. माझं माहेर मेंढरंवाल्यांचं, सासरही तसलंच. आता निम्मं घर शेतीत आहे, पण तेव्हा वस्तीवर मोठा कळप होता. आमच्यात एक रीत आहे. मेंढा कापला, की पहिला तुकडा चुलीकडं जात नाही. तो कुत्र्याला जातो. लांडगा आला, बिबट्या आला, तर कळपात आधी कुत्रं मरतं, म्हणून आधी ते जेवतं. याला राखणदाराचा वाटा म्हणतात. आणि तो वाटा कसला? तर मेंढराच्या काळजावर कधी कधी पाण्याचे फोड असतात. पांढरे, ताणलेले, आत निवळ पाणी. तेवढा भाग सुरीनं गोल कापायचा आणि कुत्र्यापुढं टाकायचा. माणसाला ते चालत नाही, कुत्र्याला पचतं, असं सगळे सांगत आले. मान त्याचा म्हणून पहिला तुकडा त्याला, आणि आपल्याला नको म्हणून खराब तुकडाही त्यालाच. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. लहानपणी माहेरी तो तुकडा टाकायचं काम माझंच असायचं. कुत्री माझा हात चाटायची, तोंड चाटायची. माळावर पाणी कमी. हात परकराला पुसले की झालं. त्याच हातानं भाकरी.

आता पोटाबद्दल लिहायचं आहे आणि पेन पुढं जात नाही.

माझे मालक मेंढरं घेऊन हायवे ओलांडताना ट्रकखाली गेले. मंगल तेव्हा पाळण्यातून नुकती उतरली होती. त्यानंतर मी सासरीच राहिले. घरात सासू, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो. थोरले दीर, दादा. आणि थोरली जाऊ, अक्का. मंगल पहिलीत जायला लागली त्या वर्षी माझं पोट दिसायला लागलं. आधी मला वाटलं वात असेल. मग चोळीची खालची गाठ बसेना. मग एकदा हंडा कमरेवर घेताना अक्काची नजर तिथं थांबलेली मी पाहिली, आणि त्या नजरेचा अर्थ मला लगेच कळला.

कुणी म्हणेल, पाळीवरून घरातल्या बायकांना कळत नाही का? आमच्याकडं बाहेर बसायची रीत मेंढरांमागं फिरण्यात केव्हाच सुटली होती. देवाजवळ जायचं नाही, एवढंच उरलं होतं. विधवा बाई एरवी तरी देवाजवळ कुठं जाते? आणि फडकी वाळत घालायची तर मी ती जुन्या लुगड्याखाली, कुंपणाच्या आतल्या अंगाला घालायचे, कुणाला दिसू नयेत म्हणून. आत्याबाई त्या दिवसांत कुंपणाकडं का फेऱ्या मारत होत्या, ते मला फार उशिरा उमगलं. त्या माझी फडकी शोधत होत्या. मी ती इतकी नीट लपवली होती, की माझ्या बाजूचा तेवढा एक पुरावाही मीच नाहीसा केला.

एक वाक्य बोलायचं होतं. 'मला पाळी येते.' ते माझ्यानं बोलवलं नाही. आणि खरं लिहायचं, तर कधी कधी माझाच माझ्यावर विश्वास राहायचा नाही. माघात एकदा मालक स्वप्नात आले होते. मेंढरांच्या जाळीपाशी उभे होते, घोंगडी मागत होते. मी आपली मनात म्हणायची, त्याचंच तर हे नसेल? आज हसू येतं. तेव्हा मी भाकरी थापता थापता थांबून जायची.

घरात कुणी शब्द उच्चारला नाही. फक्त ठरलं. जत्रा झाली, पाव्हणे गेले, की पलीकडच्या गावची एक म्हातारी यायची होती. ती पोट चोळून बाई मोकळी करते, अशी तिची ख्याती. हे मला कुणी सांगितलं नाही. अक्का आणि आत्याबाई गोठ्यात बोलत होत्या, मी शेणाची पाटी घेऊन दाराशी उभी होते.

"जत्रंच्या आदी नगं," आत्याबाई म्हणाल्या. "घर भरलेलं असतंय."

"आन् जत्रंत पाव्हण्यांनी बघितलं म्हंजी?" अक्का म्हणाली.

याच सुमाराला डॉक्टरताई आल्या. त्या माणसांच्या नाही, जनावरांच्या डॉक्टर. पुण्याहून जीप घेऊन आलेल्या, वारूळवाडीला एक खोली भाड्यानं घेतलेली. त्या सालांत आमच्या भागात बिबट्यांचा बोभाटा होता. उसात बिबटे, आणि गावात मोकाट कुत्री म्हणून गावाकडं बिबटे. लोकांना वाटलं बाई बिबटे मोजायला आली. त्या म्हणायच्या, "मला बिबट्या नाही बघायचा. बिबट्याच्या पोटात काय आहे ते बघायचंय." बिबट्याची, कोल्ह्याची, मोकाट कुत्र्यांची विष्ठा डबीत भरायची, खोलीवर नेऊन यंत्राखाली बघायची आणि जंतांची अंडी शोधायची, असं त्यांचं काम. त्यातले काही जंत माणसात येतात. ते कुठल्या गावात कुठवर पोचलेत याची ही पाहणी होती. त्यांना वाटा-बांध दाखवायला बरोबर एक बाई हवी होती. गावातून कुणी तयार होईना.

"कुत्र्याचं गोळा कराया बाई पायजे म्हनं," अक्का म्हणाली. "धाडा की हौसीला. तेवढंच राह्यलंय आपल्या घराचं."

आत्याबाई चुलीवरून मान वर न करता म्हणाल्या, "जाऊ दे. दिसभर रानात ऱ्हाईल, कुनाच्या डोळ्यावर यायची न्हाई."

एक लाज झाकायला मला दुसरी लाज अंगावर घ्यायला लावली, आणि मी ती घेतली. पहिल्या दिवशी जीपजवळ उभी राहिले तेव्हा डॉक्टरताईंनी माझ्याकडं पाहिलं, हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुम्हाला या अवस्थेत कसं पाठवलं? कितवा चाललाय?"

माझी मान खाली. त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "पाचवा."

"मिस्टर काय करतात?"

"मेंढरामागं असत्यात."

असं मी बोलून गेले. दोन्ही खोटं. पण त्यांनी जीपचा पुढचा दरवाजा उघडला, मला त्यांच्या शेजारी बसवलं आणि पिशवीतून दोन केळी काढून दिली. "तुम्ही फक्त दाखवा. हात लावायचा नाही, उचलायचं मी," म्हणाल्या. मंगलच्या वेळी मला कुणी असं जपलं नव्हतं. त्या जीपमध्ये माझा नवरा जिवंत होता, माझ्या पोटात मूल होतं आणि ते सगळ्यांना हवं होतं. संध्याकाळी वस्तीच्या अलीकडं मी उतरायची आणि पुन्हा जी होते ती व्हायची. दुसऱ्या बाईच्या वाटचं सुख मी असं रोज उचलून खाल्लं. या लेखात सांगायला मला सगळ्यांत अवघड हेच गेलं असतं, असं वाटलं होतं. लिहून झालं बघा.

ते दिवस मला वासांसकट आठवतात. सकाळचा ऊस, बांधावर दवानं ओली माती, त्यात बिबट्याची वाळून पांढरी पडलेली विष्ठा. डॉक्टरताई चिमट्यानं ती उलगडायच्या. आत केस, आणि केसांत एक काळं वाकडं नख.

"हे कुत्र्याचं नख," त्या म्हणाल्या. "यानं कुत्रं खाल्लं."

"आन् कुत्र्यानं काय खाल्लं असंल?" मी विचारलं. मी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न.

"तेच तर शोधतेय," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडं कौतुकानं बघितलं. मी लगेच पदर सारखा केला.

गावात जायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. अवसरी बुद्रुकला आम्ही मंदिरामागं एका कुत्र्याच्या मागं डबी घेऊन उभ्या होतो, तेव्हा पारावरून एक जण ओरडला, "ओ डॉक्टरीणबाई, आमच्या मेंबरचं बी तपासा की! लई खाल्लंय त्यानं पंचायतीचं!"

"डबी देऊ का?" डॉक्टरताई म्हणाल्या. "सकाळी भरून ठेवायला सांगा."

सगळा पार हसला, मेंबरसुद्धा. मी पदर डोळ्यांपर्यंत ओढला. त्या शिकलेल्या होत्या, त्यांनी विष्ठा उचलली तर ते काम होतं. मी शेजारी नुसती उभी राहिले तरी ते माझ्या घराण्यावर येत होतं.

खोलीवर एकदा त्यांनी मला त्या यंत्रात डोळा लावायला सांगितला. उजेडाचं एक गोल ताट, आणि त्यात राळ्याच्या दाण्यासारखी गोल गोल अंडी, कडेला जाड सालाची. मला ती सुंदर वाटली. हे त्यांना सांगायचीही लाज वाटली.

मग आमच्या गावची जत्रा आली. दुसऱ्या दिवशी मी रानातच थांबायचं असं घरून बजावलं होतं. पण डॉक्टरताई म्हणाल्या, "आज घरोघर मेंढे कापतील, मला त्यांची काळजं बघायची आहेत. आधी तुमच्याच वस्तीवर जाऊ." मी नको म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. जीप अंगणात जाऊन उभी राहिली.

बाभळीला मेंढा टांगलेला. दादा बाह्या वर करून उभे. बाजांवर पाव्हणे, चुलीवर पाणी उकळत, ओसरीवर मंगल हातात पोळी घेऊन बसलेली. मी जीपच्या मागं उभी राहिले. दादांनी काळीज बाहेर काढलं, फोडांचा भाग गोल कापला आणि हाक मारली, "सोने, ये." सोनी आमची कळपाची कुत्री. ती शेपूट हलवत आली.

"थांबा! तिला ते देऊ नका!" डॉक्टरताई ओरडल्या.

दादांचा हात तसाच राहिला. एक पाव्हणा हसून म्हणाला, "का वो बाई, कुत्रीचा उपास हाय का आज?"

हशा झाला, आणि दादांना तो लागला. "आमच्या आज्यापासनं राखणदाराचा वाटा आदी निघतो," ते म्हणाले. "तुमी कोन सांगनार?"

डॉक्टरताईंनी आवाज खाली आणला. "दादा, या पाण्यात जंताची पिल्लं असतात. कुत्र्यानं हे खाल्लं, की त्याच्या आतड्यात ती वाढतात. मग त्याच्या विष्ठेतून अंडी गवतावर पडतात, त्याच्या केसांना लागतात, तुमच्या हाताला लागतात. गवतावरची अंडी मेंढरं खातात, हातावरची आपल्या पोटात जातात. मेंढराला येतो तसा फोड माणसालाही येतो." मग त्या मागं वळल्या. माझ्याकडं बोट केलं आणि मायेनंच म्हणाल्या, "आणि या ताईंना तर जास्तच जपायला हवं. त्यांच्या पोटात बाळ आहे."

घरात इतके दिवस जो शब्द कुणी काढला नव्हता, तो भर अंगणात पडला.

अक्का चुलीपासून उठली. तिच्या हातात कालथा होता. "बाळ?" ती म्हणाली. "कुनाचं ते बी इचारा तिला! तिचा न्हवरा तर हायवेला ट्रकखाली गेला, पाचवं वरीस सरलं."

डॉक्टरताई माझ्याकडं बघत राहिल्या. "तुम्ही तर म्हणालात, मेंढरांमागं असतात."

"असतोय की," अक्का म्हणाली. "वरच्या मेंढरांमागं."

एक पाव्हणा फिसकन हसला आणि मग खोकल्यासारखं केलं. मी होते तिथं खाली बसले. मला फक्त मंगल दिसत होती. ती पोळी खायची थांबली होती.

डॉक्टरताईंनी मला उठवलं, जीपमध्ये बसवलं, दारं लावून घेतली. मग म्हणाल्या, "पाळी येते?"

"येती की."

"दर महिन्याला?"

"व्हय."

"मग मला पाचवा महिना का सांगितलात?"

"तुमी इचारलं म्हून."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग हात पुढं केला आणि माझ्या बरगडीखाली ठेवला. अंड्यावर ठेवावा तसा, न दाबता. "ताई, बाळ इथं नसतं," त्या म्हणाल्या. "बाळ खालून वर येतं. कुणी पोट चोळून तर दिलं नाही ना?"

मी त्या म्हातारीचं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "चोळलं आणि फुटलं, तर तुम्ही जागच्या जागी जाल. कुणाला हात लावू देऊ नका. उद्या नारायणगावला मशीनवर दाखवायचं."

नारायणगावला बरोबर कुणी जायचं, यावर घरात कुजबुज झाली. आत्याबाईंनी अक्काला धाडलं. "खरं-खोटं तू बघून ये," म्हणाल्या. म्हणजे माझी सोबत म्हणून नाही, साक्षीला. आत मला आडवं केलं, पोटावर गार काहीतरी लावलं. अक्का पडद्याजवळ उभी. मशीनवरचे डॉक्टर म्हणाले, "मूल नाही. लिव्हरमध्ये पाण्याची मोठी पिशवी आहे."

"लिव्हर म्हंजी काळीज ना, सायेब?" अक्कानं विचारलं.

"हो."

"आमच्या मेंढरांच्या काळजात असती, तसली?"

"तसलीच."

अक्का तिथंच, फरशीवर, भिंतीला टेकून बसली. तिला बाहेर जायला सांगितलं तरी उठेना. मग एसटी स्टँडजवळच्या रसवंतीवर तिनं दोन ग्लास सांगितले, माझा ग्लास माझ्या हातात दिला आणि स्वतःचा तसाच ठेवला. घरी येऊन ती आत्याबाईंना एवढंच म्हणाली, "फोड हाय. मेंढरावानी." आत्याबाई म्हणाल्या, "मग त्या म्हातारीला निरोप धाडा, नगं म्हून." त्यावर बोलणं संपलं. पुढं कित्येक वर्षं घरात कुणी त्यावर बोललं नाही.

मला वाटलं होतं, खोटं ठरलं की लाज जाते. तसं होत नाही. ती माझी नव्हती, तरी मी कितीतरी दिवस अंगावर वापरली होती. तिला माझ्या अंगाचा आकार आला होता. त्या पाव्हण्यांना बोलावून कुणी सांगितलं नाही, की बाबांनो, हिला फोड होता. आजही कुठल्या लग्नात त्यांतला एखादा भेटला, की त्याची नजर आधी माझ्या पोटाकडं जाते. कदाचित जात नसेल. मला जाते असं वाटतं, म्हणजे गेल्यासारखीच.

आणि मंगल. ती बारावीत असताना एकदा सहज म्हणाली, "आई, त्या जत्रेला मला वाटलं होतं मला भाऊ होणार." मी भांडी घासत होते. मी नळ मोठा केला.

ऑपरेशन पुण्याच्या सरकारी दवाखान्यात करायचं ठरलं, डॉक्टरताईंनी ओळख काढली. तरी बाहेरची औषधं, रक्त, जायचं-यायचं, राहायचं. दादांचा हात तेव्हा कांद्यात अडकलेला. अक्काकडं तिच्या माहेरच्या मेंढ्या होत्या. लग्नात तिच्या वडिलांनी दिलेल्या जोडीची ती पैदास; त्यांच्या कानाची खूण वेगळी, त्यांवर दादांचाही हक्क नव्हता. तिनं त्या चाकणच्या बाजारात नेऊन विकल्या. पैसे रुमालात बांधून माझ्या उशाशी ठेवले आणि भिंतीकडं बघत म्हणाली, "उसनं हायेत. फेडशील सवडीनं."

ज्या तोंडानं तिनं मला अंगणात उघडं पाडलं, त्याच तोंडानं हे. मी त्या पैशाला हात लावायच्या आधी किती वेळ नुसती बघत राहिले ते माझं मला ठाऊक.

डॉक्टरताई दवाखान्यात एकदा भेटायला आल्या. पिशवी आख्खी निघाली, फुटली नाही, म्हणून त्यांना फार आनंद झाला होता. मी विचारलं, सोनीमुळं झालं का? त्या म्हणाल्या, असले फोड वाढायला खूप वर्षं लागतात. कदाचित लहानपणी माहेरी असलेल्या कुत्र्यांपासून असेल, आता कुणीच सांगू शकणार नाही. मग म्हणाल्या, "मी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. मला त्याची लाज वाटते." मला नवल वाटलं. शिकलेल्या माणसांनाही लाज वाटते आणि ते ती अशी बोलून टाकतात. पाहणी संपल्यावर त्या गेल्या, पुन्हा भेट नाही. जाताना सगळ्या वस्त्यांवरच्या कुत्र्यांना जंताच्या गोळ्या देऊन गेल्या.

पुढच्या जत्रेला दादांनी बाभळीपासून लांब खड्डा खणला. फोडांचा भाग त्यात पुरला, वर दगड ठेवला. मग मांडीचा एक चांगला तुकडा कापून सोनीपुढं टाकला. पाव्हणे म्हणाले, "दादा, कुत्रीला मांडी?" दादा म्हणाले, "राखणदाराचा वाटा हाय. आदी तिचा." गावात सगळे असं करत नाहीत. अजूनही जत्रेच्या दुसऱ्या दिवशी मी गल्लीतून जाते आणि कुणी काळजाचा तुकडा कुत्र्यापुढं टाकताना दिसलं, की माझे पाय थांबतात. बोलायचं असतं. कधी बोलते, पण हळू. कधी लोक ऐकतात, कधी हसतात.

त्या उसन्या पैशांनी माझं तोंड मात्र पुरतं बंद केलं. आधी मी भिडस्त होते, मग मी मिंधी झाले. अक्कानं माझ्या वाट्याचं पाणी आधी घेतलं, मी गप्प. तिची सून मंगलला काही बोलली, मी गप्प. जिनं जीव वाचवला तिला त्या दिवसाचं कुठल्या तोंडानं विचारायचं? ती कधी पैसे मागायची नाही. मागितले असते तर बरं झालं असतं. मी समोर आले, की ती काहीतरी काम काढून उठायची, आणि मला वाटायचं, हिला माझा हिशेब आठवला.

खुरपणीच्या मजुरीत फेडणं जमेना. आलेलं घरातच जिरायचं. मग अवसरी खुर्दला कॉलेज झालं, लांबलांबची पोरं शिकायला आली, आणि मी डबे करायला लागले. पोरं मला मावशी म्हणतात. भाकरी मोठी केली की 'मावशी, लई भारी' म्हणतात. डब्याच्या पैशातून मी थोडं थोडं अक्काला द्यायला लागले. ती न बघता पदरात बांधायची.

परवा, जत्रेच्या आदल्या दिवशी, शेवटचे दिले. अक्का अंगणात लसूण सोलत बसली होती. आता तिला कमी दिसतं. मी म्हटलं, "अक्का, हे शेवटचं. मोजून घे."

तिनं या वेळी मोजले. नोटा डोळ्यांजवळ नेऊन, एकेक. मग त्या मांडीवर ठेवल्या आणि म्हणाली, "फिटलं समदं?"

"समदं."

"मग आता तरी भांड की गं माझ्याशी," ती म्हणाली. "मुकी राहून लई वर्सं मारलंस मला."

मी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडं नीट बघितलं. मग तिच्यासमोर बैठक मारली आणि भांडले. सुरुवात तिच्या कोंबड्यांपासून केली, त्या माझी कोथिंबीर उकरतात म्हणून. पोटापर्यंत येईस्तोवर दिवेलागण झाली.